शिंक कुठे जाते?

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपते आणि शाळा पुन्हा भरू लागते. पहाटे नळावर पाणी भरायला गेले की बोटे आखडतात. अंगावरची रजई सोडवत नाही. नाशिक, मालेगाव, जळगाव या भागात तर डिसेंबर-जानेवारीची थंडी चांगलीच बोचते. निफाडला काही वर्षी पारा दहा अंशांच्याही बराच खाली उतरतो. अशाच एखाद्या सकाळी वर्गात हजेरी चालू असते. सर नाव पुकारतात आणि 'हजर सर' या उत्तराऐवजी बाकावरून जोराची शिंक ऐकू येते. सारा वर्ग हसतो. सरही हसतात. शिंकणारा मुलगा हात पँटला पुसतो आणि हजेरी पुढे चालू होते.

हसायला हरकत नाही. पण त्या शिंकेचे पुढे काय झाले, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? आवाज तर क्षणात विरला. शिंक मात्र वर्गातच आहे. ती कुठे कुठे जाते, कोणाकोणाला भेटते आणि शेवटी कोणाच्या घरी मुक्कामाला राहते, हे आज आपण पाहू.

एखाद्या अंधाऱ्या खोलीत फटीतून उन्हाची तिरीप येत असेल, तर तिच्यात धुळीचे कण तरंगताना तुम्ही पाहिले असतील. त्या तिरिपीत कोणी शिंकले, तर पाण्याचे असंख्य बारीक थेंब चमकून जातात. थुंकीच्या आणि नाकातल्या पाण्याच्या या थेंबांना आपण तुषार म्हणू. त्यांतले मोठे तुषार एक-दोन मीटर अंतरात खाली पडतात. बाकावर, वहीवर, समोरच्या मुलाच्या पाठीवर ते बसतात. फार लहान तुषार मात्र लगेच पडत नाहीत. खोली बंद असेल, तर ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात. नुसत्या बोलण्यातून आणि खोकण्यातूनही असे तुषार बाहेर पडतात. शिंक फक्त त्यांची सर्वांत मोठी आवृत्ती आहे.

निरोगी माणसाच्या तुषारांत भिण्यासारखे काही नसते. पण शिंकणाऱ्याला फ्लू झाला असेल, तर प्रत्येक तुषार हे विषाणूंचे वाहन बनते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाक गळू लागले की तुम्ही घरी म्हणता, 'नजला झाला' किंवा 'जुकाम झाला'. मराठीत त्यालाच सर्दी किंवा पडसे म्हणतात. फ्लू हा पडशाचा भाऊ खरा, पण तो पडसे नव्हे. पडसे हळूहळू येते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहते, दोन-चार दिवस त्रास होतो आणि आपण त्यातही हिंडत-फिरत असतो. फ्लू अचानक येतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंथरूण धरतो. थंडी वाजून ताप चढतो, डोके ठणकते, हातपाय आणि कंबर मोडून येते, कोरडा खोकला सुरू होतो. जेवण नको वाटते. लहान मुलांना कधी उलट्याही होतात. ताप साधारणपणे तीन-चार दिवसांत उतरतो. खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडेही रेंगाळतो. म्हणून 'साधे पडसेच आहे' असे म्हणून फ्लूकडे दुर्लक्ष करणे बरे नाही.

हा आजार ज्या विषाणूमुळे होतो, त्याचे नाव इन्फ्लुएन्झा. तो किती लहान असतो? तुमच्या पट्टीवरचा एक मिलिमीटर पाहा. एवढ्याशा जागेत सुमारे दहा हजार विषाणू एका ओळीत मावतील. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. तो स्वतः खात नाही, वाढत नाही. आपल्या नाकातील आणि घशातील पेशींमध्ये तो शिरतो आणि त्या पेशींकडूनच स्वतःच्या हजारो प्रती करवून घेतो. दुसऱ्याच्या छापखान्यात घुसून आपली पत्रके छापून घ्यावीत, तसाच हा प्रकार! शिवाय छपाईत चुका होतात. प्रत्येक प्रत मूळ प्रतीसारखी हुबेहूब निघत नाही. हळूहळू विषाणूचे बाह्य रूप बदलत जाते आणि गेल्या वर्षी त्याला ओळखणारे आपले शरीर यंदा त्याला नीट ओळखू शकत नाही. म्हणूनच देवीसारखा रोग एकदा होऊन गेल्यावर सहसा पुन्हा होत नसे, पण फ्लू पुन्हा पुन्हा होतो.

माणसाच्या फ्लूचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ हे तिघे त्याच्या मागावर होते. त्यांनी आजारी माणसांच्या घशातील पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळले. या गाळणीतून जंतू पार होऊ शकत नव्हते. ते गाळलेले पाणी त्यांनी फेरेट नावाच्या प्राण्यांच्या नाकात घातले. फेरेट साधारण मुंगसासारखा दिसतो. दोन दिवसांत फेरेट शिंकू लागले! म्हणजे रोगाचे कारण जंतूंपेक्षाही लहान होते. पुढे १९३६ साली एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावरच शिंकले आणि त्या संशोधकाला फ्लू झाला. फ्लू शिंकेतून पसरतो, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा?

आता तुम्ही विचाराल, मग थंडीचा यात काय संबंध? थंड पाणी प्यायल्याने, आइस्क्रीम खाल्ल्याने किंवा ओल्या केसांनी बाहेर गेल्याने फ्लू होतो, असे घरातील मोठी माणसे सांगतात. त्यांचे सांगणे मायेचे असते. पण विषाणू अंगात शिरल्यावाचून फ्लू होत नाही. नुसती थंडी फ्लू देत नाही. ती विषाणूला मदत करते.

ही मदत कशी होते, हे न्यूयॉर्कमधील संशोधकांनी गिनीपिग या लहान प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले. तो प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आजारी आणि निरोगी गिनीपिग शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि हवेचे तापमान व ओलावा बदलत गेले. ५ अंश तापमानात फ्लू एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात सहज गेला. ३० अंश तापमानात तो हवेतून गेलाच नाही. हवा कोरडी असतानाही तो अधिक पसरला. कोरड्या हवेत तुषारांतले पाणी लवकर उडून जाते, ते हलके होतात आणि अधिक वेळ तरंगतात. थंडीत आपल्या नाकातला ओलावाही कमी होतो. नाकातला हा ओलसर थर म्हणजे आपला पहारेकरी. तो सुकला की पहारा ढिला पडतो.

आणखी एक कारण आहे आणि ते आपल्याच हातचे आहे. थंडी वाजते म्हणून आपण दारे-खिडक्या लावून घेतो. एका खोलीत सहा-सात माणसे, एकाच रजईत दोन-तीन भावंडे, आणि आत आलेली हवा बाहेर जायला वाट नाही! वर्गातही तेच होते. वारा येतो म्हणून खिडकीजवळची मुले खिडकी लावतात आणि पन्नास-साठ मुले तीच हवा पुन्हा पुन्हा घेतात.

सगळीकडे फ्लूचा हंगाम सारखाच नसतो. श्रीनगरमध्ये बर्फ पडते, तेव्हा जानेवारी ते मार्च या काळात तेथे फ्लूचा जोर असतो. आपल्या महाराष्ट्रात तो पावसाळ्यात एकदा डोके वर काढतो आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये, पुन्हा एकदा दिसतो. परीक्षा जवळ आलेल्या असतात, तेव्हाच नेमका!

चला, आता आपल्या वर्गातल्या शिंकेकडे वळू.

समजा, तो सोमवार आहे. शिंकणारा मुलगा तुमच्याच बाकावर बसतो. रविवारी रात्रीपासून त्याच्या अंगात कसकस आहे, पण त्याने घरी सांगितलेले नाही. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला शाळेत बक्षीस मिळते आणि जूनपासून त्याचा एकही दिवस चुकलेला नाही. शिंकताना त्याने उजवा तळहात नाकापुढे धरला. सवय चांगली वाटते, नाही का? पण आता ते सारे तुषार त्याच्या तळहातावर आहेत. पँटला हात पुसल्याने ते जात नाहीत. त्याच हाताने त्याने तुमचे पेन मागून घेतले, दोन ओळी लिहिल्या आणि पेन परत दिले. गणिताचा तास सुरू झाला. उदाहरण अवघड होते. तुम्ही पेनाचे टोपण दातांत धरून विचार करू लागलात. ही सवय आपल्यापैकी पुष्कळांना असते. शिंक तुमच्यापर्यंत पोहोचली.

टोपण तोंडात घातले नसते, तरी वाटा पुष्कळ होत्या. मधल्या सुट्टीत माठावरच्या एकाच पेल्याने सगळ्यांनी पाणी प्यायले. मैदानावरून आल्यावर तुम्ही त्याच्या रुमालाने तोंड पुसले. डब्यातला एकच घास दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला. स्टील आणि प्लास्टिक अशा गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू एक-दोन दिवसही टिकू शकतो. कापडावर आणि कागदावर तो त्याहून कमी वेळ टिकतो. हातावर तर काही मिनिटेच. पण काही मिनिटे पुरेशी होतात, कारण आपला हात कधी स्वस्थ नसतो. एकदा शेजारच्या मुलाकडे पाच मिनिटे नुसते पाहा. तो नाकाला, डोळ्यांना, ओठांना किती वेळा हात लावतो, हे मोजा. त्याला सांगू नका, नाहीतर तो सावध होईल!

मंगळवार उजाडला. तुम्हांला काहीच झालेले नाही. तुम्ही शाळेत गेलात, खेळलात, घरी आलात. विषाणू अंगात शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत एक ते चार दिवस जातात. बहुधा दोन दिवस. या दिवसांत तुमच्या घशातला छापखाना मात्र जोरात चालू असतो. आणि येथेच फ्लूची खरी लबाडी आहे. त्रास सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो. आपण आजारी आहोत, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

संध्याकाळी दादी गोधडीला टाके घालत बसल्या आहेत. त्यांना आता नीट दिसत नाही. त्या तुम्हांला हाक मारतात आणि सुईत दोरा ओवून द्यायला सांगतात. तुम्ही आनंदाने बसता. दोऱ्याचे टोक पिंजारलेले आहे म्हणून ते तोंडात धरून ओले करता, पीळ देता आणि सुईतून आरपार घालता. दादी दुवा देतात. चार टाके घालून झाल्यावर त्या नेहमीप्रमाणे दोरा दातांनी तोडतात. रात्री थंडी वाजते म्हणून तुम्ही त्यांच्याच रजईत शिरता आणि दिवसभराच्या गमती सांगता सांगता झोपी जाता.

बुधवारी तुम्हांला ताप भरला. गुरुवार, शुक्रवार अंथरुणात गेले. अम्मीने यखनी करून दिली, कपाळावर ओल्या कापडाच्या घड्या ठेवल्या. शनिवारी ताप उतरला. रविवारी तुम्ही अंगणात बॅट घेऊन उभे होतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे शरीर असेच असते. ते लढते आणि बहुतेक वेळा जिंकते.

पण शुक्रवारी दादींना खोकला सुरू झाला होता. त्यांना ताप फार चढला नाही. म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा तो चढत नाही आणि म्हणून घरच्यांना आजाराची कल्पना येत नाही. त्या फक्त गप्प गप्प होत्या, जेवत नव्हत्या. त्यांना आधीपासून मधुमेह आहे. सोमवारी त्यांना श्वास घेताना धाप लागू लागली. अब्बूंनी रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिले आणि सांगितले, फुप्फुसाला सूज आहे. यांना न्यूमोनिया झाला आहे, रुग्णालयात ठेवावे लागेल.

ही घटना खरी नाही. आपण 'समजा' म्हणूनच सुरुवात केली होती. पण ती कोणत्याही घरात खरी होऊ शकते. पासष्ट वर्षांवरील माणसे, पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले लोक यांना फ्लूपासून अधिक धोका असतो. तुमच्या घरात यांपैकी कोणीच नाही, असे होईल का? दादी नसतील तर नानी असतील, पाळण्यातली बहीण असेल. फ्लूपासून स्वतःला वाचवण्याचे कारण नेहमी आपणच असतो असे नाही.

आपल्या महाराष्ट्राला या रोगाची जुनी ओळख आहे. १९१८ साली, पहिले महायुद्ध संपत आले असताना, सैनिकांच्या जहाजांबरोबर फ्लू मुंबई बंदरात उतरला. जून महिन्यात गोदीवरचे पोलीस तापाने आजारी पडले. तेथून रेल्वेच्या वाटेने तो देशभर गेला. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची दुसरी लाट आली, ती फार भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या साथीने भारतात एक कोटीहून बरीच अधिक माणसे नेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. खेड्यापाड्यांत तिला 'मानमोडी' म्हणत. माणसाची मानच मोडणारा ताप! त्या काळी ना विषाणू ठाऊक होता, ना लस होती.

२००९ साली स्वाइन फ्लू आला, तेव्हा परिस्थिती वेगळी होती. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या साथीतील तो भारतातला पहिला मृत्यू होता. शहरातील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या आणि पुणेकर तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. पण त्याच पुण्यात १९५२ पासून विषाणूंचा अभ्यास करणारी संस्था आहे. आज तिला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. रुग्णांच्या घशातील नमुने तेथे तपासले जात होते. शत्रू कोण आहे, हे या वेळी माहीत होते.

तोंडाला मास्क लावून, हात धुऊन, घरात थांबून काय मोठा फरक पडणार, असे पुष्कळांना वाटते. त्यांना करोनाच्या वर्षांची आठवण करून द्या. २०२० आणि २०२१ मध्ये साऱ्या जगाने हे उपाय केले. ते करोनासाठी केले होते. पण त्या काळात फ्लूचे रुग्ण जगभर अतिशय कमी झाले. एवढेच नव्हे, तर फ्लूच्या बी प्रकारच्या विषाणूच्या दोन शाखा होत्या. त्यांतील यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर जगात कोठेही खात्रीने आढळलेली नाही. साबण, मास्क आणि बंद दार यांनी विषाणूची एक शाखाच बहुधा नाहीशी केली! आता कोणी तुम्हांला नेहमी घरात कोंडून राहायला सांगणार नाही. पण हे उपाय चालतात, यात शंका उरली नाही.

मग आपण काय करावे? सर्वांत स्वस्त उपाय साबणाचा. विषाणूभोवती चरबीचे एक पातळ आवरण असते. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण किंवा राख लागते, हे तुम्ही पाहिले आहे. तसेच हे आवरण साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. मात्र हातावर साबण फिरवून लगेच पाणी ओतले, तर उपयोग नाही. निदान वीस सेकंद हात चोळावेत. बोटांच्या बेचक्या, नखे आणि अंगठा यांना विसरू नये. अंगठा तर बहुतेकजण विसरतात. जेवणापूर्वी, बाहेरून आल्यावर, नाक शिंकरल्यावर हात धुवावेत. शिंक आली की तळहाताऐवजी कोपराच्या आतली बाजू तोंडावर धरावी, कारण कोपराने कोणी पेन देत-घेत नाही. रुमाल प्रत्येकाचा वेगळा असावा आणि रोज धुतलेला असावा. माठावर ओगराळे असेल, तर पाणी आपल्या पेल्यात घेऊन प्यावे. थंडी असली, तरी वर्गाच्या समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. स्वेटर घालून बसता येते. श्वासाशिवाय बसता येत नाही.

फ्लूची लसही आहे. विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, एकत्र बसून येत्या हंगामाच्या लशीत विषाणूचे कोणते प्रकार असावेत, ते सुचवतात. यामुळे ही लस दरवर्षी घ्यावी लागते आणि ती टोचल्यावर शरीर तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. लस घेतलेल्यालाही कधी कधी फ्लू होतो, पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो. घरातील वृद्धांना आणि मधुमेह किंवा दमा असलेल्यांना ती द्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पुष्कळ घरांत हा प्रश्न कोणी विचारतच नाही. तो तुम्ही विचारू शकता.

एवढे करूनही फ्लू झालाच, तर? विश्रांती घ्यावी. पाणी, यखनी, डाळीचे पाणी, सरबत असे काही ना काही थोडे थोडे पीत राहावे. घरात जोशांदा उकळला जातो, आल्याचा चहा होतो. त्यांनी घसा शेकतो, बरे वाटते. ते अवश्य घ्यावे; फक्त त्यांनी विषाणू मरतो, असे समजू नये. वाफ घेताना उकळत्या पाण्याचे भांडे मांडीवर किंवा पलंगावर घेऊ नये. फ्लू बरा होतो आणि भाजलेला पाय महिनाभर छळतो. ताप उतरण्याची गोळी मोठ्यांना विचारून, डॉक्टर सांगतील तेवढीच घ्यावी. मुलांना फ्लूच्या तापात ॲस्पिरिन देऊ नये. त्याने क्वचित यकृताला आणि मेंदूला मोठी इजा होते. औषधाच्या दुकानातून दोन-चार ॲन्टिबायोटिक गोळ्या सुट्या आणण्याची खोड तर सोडलीच पाहिजे. त्या गोळ्या जंतूंवर चालतात, विषाणूवर नाही. फ्लूच्या विषाणूवर वेगळे औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केले तर अधिक गुण देते, आणि कोणाला द्यायचे ते डॉक्टर ठरवतात.

श्वास घेताना धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर दिसणे, रुग्ण गुंगीत असणे किंवा असंबद्ध बोलणे, पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. ताप उतरून दोन दिवस बरे वाटले आणि मग तो पुन्हा चढला, तरी लगेच डॉक्टरांकडे जावे. घरातील म्हातारे माणूस ताप नसतानाही अचानक गप्प झाले असेल, तर ते मोठ्यांच्या लक्षात आणून द्या. मोठी माणसे कामात असतात. मुलांच्या नजरेला अशा गोष्टी आधी दिसतात.

आता राहिला तो बक्षिसाचा प्रश्न. तुमच्या बाकावरच्या मित्राला बोल लावू नका. त्याने शाळा चुकवू नये, असे आपणच त्याला शिकवले. मला वाटते, शाळांनी या बक्षिसाचा नियम थोडा बदलावा आणि तापात घरी राहिलेला दिवस गैरहजेरीत धरू नये. तोवर तुम्ही एवढे ध्यानात ठेवा : औषध न घेता ताप उतरून पूर्ण एक दिवस गेला, म्हणजे शाळेत जावे, त्याआधी नाही. त्या दिवसांत घरात शक्य असेल तर वेगळ्या कोपऱ्यात झोपावे. एकच खोली असेल, तर दादींची गादी खिडकीजवळ आणि आपली दाराजवळ घालावी, आणि मध्ये जेवढे अंतर ठेवता येईल तेवढे ठेवावे. तोंडावर स्वच्छ कापड बांधावे. ताट-पेला वेगळा ठेवावा. राहिलेला अभ्यास नंतर मित्राच्या वहीतून उतरवून घेता येतो.

आणि दादींच्या सुईत दोरा ओवायचा असेल, तर त्याचे टोक तोंडात धरू नका. कात्रीने ते जरा तिरपे कापा. न पिंजारता ते पहिल्याच खेपेला सुईतून पार जाते.